तिसरी खूण

८ सप्टें., सोम.
गणपतीची सुट्टी संपली. मुलं देहाने वर्गात, मनाने अजून आरतीत. हजेरी दोनदा घेतली तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.

मु.अ. म्हणाले, "बाई, वर्गाच्या त्या ब्लॉगात काहीतरी नवीन आलंय. तुम्हीच बघा." या शाळेत जे जे नवीन ते ते मराठीच्या बाईंनी बघायचं. विज्ञानाच्या सरांना वेळ नसतो.

बघितलं. तीन गोष्टी आहेत. मुलांनी मोबाईलवर नुसतं बोलायचं, ते आपोआप लिहिलं जातं आणि आवाजही खाली राहतो. पालकांना प्रतिक्रिया देता येते. आणि मुलाची नोंद आधी माझ्याकडे रांगेत येऊन थांबते, मी हिरवं बटण दाबलं की मगच दिसते. हे तिसरं मला विशेष आवडलं. शिवाय एक लांबलचक सूचना होती. ती न वाचता 'समजलं' वर बोट ठेवलं आणि मोकळी झाले.

बोलून लिहायची सोय मनालीसाठी देवानेच पाठवल्यासारखी. पोरीला पाचवीपासून बघतेय, आता आठवीत आहे. वहीत चार ओळींच्या पुढे कधी गेली नाही. तोंड उघडलं तर मात्र शिपाईसुद्धा घंटा द्यायची विसरतो. या वर्षी तिच्याकडून पानभर लिहून घेईन, नाहीतर मराठीची बाई म्हणवून घेणार नाही. लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

११ सप्टें.
शाळेचा मोबाईल घेऊन एकेकाला बोलायला बसवलं. शूर मंडळी! वर्गात कान किटवणारी, मोबाईलपुढे मुकी. ओंकार "माझे नाव ओंकार" म्हणाला आणि घाम पुसत बसला.

मनाली मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेली. वाळत घातलेल्या बोंबलांवर डल्ला मारणाऱ्या मांजरीची गोष्ट सांगून आली. लिहून आलेलं स्वतःच वाचलं आणि विचारलं, "बाई, एवढं मी लिवलं?"
"तूच."
पुन्हा वाचलं.

१५ सप्टें., सोम.
आज मनालीची नोंद रांगेत आली. नाव 'बापसाची जागा'. वाचली आणि स्टाफरूममध्ये डोळे पुसले. विज्ञानाचे सर म्हणाले, कांदा कापलात काय.

बाप काशीनाथ, लहान होडी, गळाने मासे धरतो. समुद्रात पाण्याखाली एक खडप, म्हणजे खडक आहे, तिथे तांबोशी मासा लागतो. ती जागा त्याच्या बापाने शोधलेली. वर नुसतं पाणी, मग जागा ओळखायची कशी? तर किनाऱ्यावरच्या खुणांनी. अमकं तमक्याच्या बरोबर मागे आलं, की नांगर टाकायचा. भाऊ मुंबईला कामाला गेला, तो काही परत होडीवर यायचा नाही. म्हणून बापाने मागल्या वर्षी हिला नेलं आणि खुणा दाखवल्या. मुलीला होडीवर! आमच्या गावी मुलीला शेतातल्या नांगराला हात लावू देत नाहीत, तसंच हे. आणि तिने लिहिलंय:

"बापूस खूण बघतो तेव्हा होडीत कोणी बोलायचं नाय. त्याचा हात हळूहळू वर येतो. हात थांबला की इंजन बंद. आजोबाचा हात पण असाच थांबायचा, असं आई बोलते. आजोबाला मी बघितलं नाय. पण त्याचा हात मी रोज बघते."

हे आठवीतली पोर लिहिते. मी बी.एड. करून काय लिहिलं? रजेचे अर्ज.

पुढचंही उतरवून ठेवते, फार सुंदर आहे:
(इथल्या चार ओळी काळ्या केल्यात. १८ तारखेला. मीच.)

हिरवं बटण दाबलं. वर 'आठवड्याचं लेखन' असा शिक्काही मारला.

१६ सप्टें.
प्रतिक्रियांचा पाऊस. कोणाकोणाचे पालक, कोणाचे मामा, ओळखू न येणारी नावं. अंगठे, फुलं, हात जोडलेले. एका गृहस्थांनी लिहिलं, "एकदम भारी. उद्याच जाऊन बघतो." मी खाली लिहिलं, "जरूर! मुलीच्या लेखणीचं कौतुक केल्याबद्दल आभार."
मु.अ. खूश. जिल्ह्याच्या बैठकीत दाखवू म्हणतात. मनाली दिवसभर वर्गात मान ताठ करून.

१८ सप्टें., गुरु.
मधल्या सुट्टीत काशीनाथ आला. चपला दाराबाहेर काढल्या. मला वाटलं आभार मानायला आलाय. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही.

म्हणाला, "बाई, काल माझ्या जागेवर चार होड्या हुत्या. आज पण हायत."
मला कळेना. होड्या असतील, समुद्र आहे.
"माझ्या बापसानं मरताना माझ्या कानात सांगितलान ती जागा. माझ्या भावाला पण नाय सांगितलान. तुमी ती फळ्यावर लिवलात. साऱ्या बंदराला दावलात."

तरी मी म्हटलं, हे फक्त वर्गातल्या मुलांना दिसतं. म्हणता म्हणता ओळखू न येणारी ती नावं आठवली. मोबाईल काढून बघितलं. नोंदीखाली बारीक अक्षरात: 'सर्वांसाठी खुलं'. पूर्वी काही टाकलं की फक्त वर्गाला दिसायचं, आता मंजूर केलं की जगाला. तेच त्या लांबलचक सूचनेत लिहिलेलं असणार, जी मला 'समजली' होती. आणि "उद्याच जाऊन बघतो" म्हणणाऱ्या माणसाला मी लिहिलंय, जरूर!

काशीनाथ ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "लोक हसतात. पोरीला सांगितलान म्हणून हसतात. त्यांचं काय चुकलं? पोरगी उद्यापास्न येणार नाय."
"तिची चूक नाही हो. बटण मी दाबलं."
"तोंड तिचं हुतं ना?"
चपला घालून गेला.

नोंद लगेच उडवली. उडवून काय उपयोग, लोकांनी फोटो काढून गटागटांत फिरवलीय. ब्लॉगावरून काढलेलं तीस दिवस एका टोपलीत पडून राहतं म्हणे, मग कायमचं जातं. राहू दे पडून.

१९ सप्टें.
मनाली गैरहजर.
कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन. पंधरा मिनिटं सनई ऐकली. मग एक गोड आवाज: "मॅडम, ती चूक नाही, ती नवीन सुविधा आहे." मी म्हटलं, "तुमच्या सुविधेने एका माणसाची वाडवडिलांची जागा गेली." ती म्हणाली, "तुमचा अभिप्राय आम्ही नोंदवला आहे." माझा आवाज एवढा चढला, की शेजारच्या वर्गातली मुलं गप्प झाली.

मु.अ. म्हणाले, "नसतं लचांड. बंद करून टाका तो ब्लॉग." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बाई, गाव वाईट आहे." गाव वाईट नाही, मी न वाचता बटण दाबलं. बंद करून मोकळं होणं फार सोपं आहे. मग मनालीला कोण आणणार?

२१ सप्टें., रवि.
मुंबईहून ह्यांचा फोन. सगळं सांगितलं. म्हणाले, "तू कोळी थोडीच आहेस, तुला कसं कळणार?"
दिवसभर ते वाक्य डोक्यात. मी चिपळूणच्या वरच्या अंगाची, शेतकऱ्याची मुलगी. समुद्र एसटीच्या खिडकीतून दिसतो तेवढाच. कसं कळणार, खरंच.

आणि दुपारी भात उकरताना आठवलं. अळंबी! श्रावणात बाबा पहाटे अळंबी काढायला जायचे. कुठलं वारूळ, ते आम्हालाही सांगायचे नाहीत. मुद्दाम उलट्या वाटेने जायचे, ओढ्याकडून वळसा घालून, शेजारच्यांना सुगावा लागू नये म्हणून. येताना टोपलीवर सागाची पानं. मला एकदा, एकदाच नेलं. मी दहा वर्षांची. पुढे कॉलेजच्या मैत्रिणींनाही सांगितलं नाही ते वारूळ. आजही कोणी विचारलं तर सांगणार नाही.

म्हणजे मला माहीत होतं. नुसतं समुद्राचं म्हणून ओळखलं नाही. लाज वाटली. मग राग आला, स्वतःचाच. राग आला की मला काम सुचतं.

२२ सप्टें., सोम.
शाळा सुटल्यावर बंदरावर मासळीच्या लिलावाला गेले. वाळूवर बैलगाड्या, बर्फ, ओरडा. मनालीची आई रंजना पाट्यांपाशी उभी. मनाली मागे बर्फ फोडत होती. मला बघून फोडायचं थांबली नाही, जोरात फोडायला लागली.

रंजनाला म्हटलं, "माफी मागायला आलेय."
"आता काय माफीचं लोणचं घालू?" मग हात पुसले. "बाई, तुमची चूक हाय ती हायच. पण पोर गप झालीय. चार दिस झाले, बोलत नाय. आमच्याकडं हिचं तोंड बंद म्हंजे घरात कोण मेल्यागत वाटतं."
"काशीनाथ?"
"तो पण बोलत नाय. दोघं सारखीच." पाटी सरकवत म्हणाली, "तो काय म्हणतो ठाव हाय? साऱ्या बंदरानं वाचलान. मला मातर कोणी वाचून दावलान नाय."

हे मला चावलं. ज्याच्यावर लिहिलं, त्याच्याशिवाय सगळ्यांनी वाचलं.

निघताना मनालीच्या पाटीपाशी थांबले. म्हटलं, "मी न वाचता बटण दाबलं. तुझं काही चुकलं नाही." तिने बर्फाचा एक मोठा तुकडा उचलून पाटीत टाकला. ते उत्तर होतं की काय, माहीत नाही.

२४ सप्टें.
दोन दिवस ब्लॉगाची सगळी माहितीपत्रकं वाचली. एकूण एक. आता मला त्या गोड आवाजाच्या मुलीपेक्षा जास्त माहिती आहे. प्रत्येक नोंदीला चार दारं आहेत: मी, वर्ग, घर, सगळे. कोणतं उघडायचं ते लिहिणारा ठरवू शकतो. फक्त ते पाचव्या पानावर, तिसऱ्या यादीत, खाली लपवलेलं. सगळ्या मुलांचं 'वर्ग' वर आणलं.

वर्गात नियम केला. नोंद माझ्या रांगेत टाकण्याआधी, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला वाचून दाखवायची. तो 'हो' म्हणाला तर ठीक.
ओंकार: "बाई, आजी आणि शेजारच्या काकूंचं भांडण लिवलंय. दोघींना वाचून दाखवू?"
"दोघींना."
"मग नको, बाई. मी सहलीचं लिवतो."
वर्ग हसला. मीही. मनालीचा बाक रिकामा होता, तिकडे बघितल्यावर हसू गेलं.

मु.अ. ना नियम लेखी दिला. सही मागितली. नाइलाजाने केली.

२८ सप्टें., रवि.
आज गेले. काशीनाथ होडीपाशी वाळूवर बसून गळाच्या दोऱ्या उकलत होता. मी नारळ नेला होता. रंजना म्हणाली होती, होडीचं काही चुकवलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. नारळ होडीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाला ठेवला, हात जोडले. त्याने बघितलं. बस म्हणाला नाही, तरी बसले. साडीत वाळू गेली.

म्हटलं, "तुम्हाला कोणी वाचून दाखवलं नाही ना? मी ऐकवायला आलेय. वाचून नाही, तिच्याच आवाजात."

ब्लॉगाच्या टोपलीत आवाज अजून होता. तीस दिवस व्हायचेत. मोबाईल होडीच्या काठावर ठेवला. वाऱ्याने नीट ऐकू येईना, तेव्हा त्याने स्वतःच उचलून कानाला लावला. पूर्ण ऐकलं. दोऱ्या मांडीवर तशाच.

मग म्हणाला, "परत लावा."
परत लावलं. या वेळी एका जागी मान हलवली, आणि हसलाच, नाकातल्या नाकात.
"तिसरी खूण बोललीच नाय."
"म्हणजे?"
"खुणा तीन हायत. दोन सांगितलान. तिसरी नसली तर नांगर खडपात जातो, मासा ऱ्हातो बाजूला." दोरी पुन्हा हातात घेतली. "म्हणून ते चार दिस बसले नि रिकामे आले. दोघांचे नांगर गेले. मी म्हटलं, ह्यांना झालंय काय."
"विसरली असेल?"
"मनाली?" एवढंच म्हणाला. मग दोरीची एक गाठ नखाने सोडवली. "आज ना उद्या सापडंल त्यांना. दोन कळल्या, तिसरी किती दिस लपंल? जागा गेली ती गेलीच, बाई."
 खोटं काय सांगणार?

निघायला उठले तेव्हा म्हणाला, "तो आजोबाच्या हाताचा तुकडा तेवढा लावा." तिसऱ्यांदा लावला. त्याने ऐकताना स्वतःचा उजवा हात बघितला, उलटा, सुलटा. मग मोबाईल माझ्याकडे दिला आणि समुद्राकडे तोंड करून बसला.

शाळेचं विचारलं. म्हणाला, "दसरा होऊ दे."
"पुसून टाकू का हे?"
"पुसता कशाला? माझ्या फोनात घाला."
घातलं. दुसऱ्यांना पाठवता येणार नाही असं करून, आणि तसं झालंय का ते तीनदा तपासून.

२ ऑक्टो., दसरा
होड्यांना झेंडूच्या माळा. काशीनाथला आपट्याचं पान दिलं, "सोनं घ्या." त्याने घेतलं, मलाही दिलं. शाळेचं मी काढलं नाही, त्यानेही नाही. मनाली होडीवर बसून माळ बांधत होती. मी हात केला. तिने गाठ मारेपर्यंत थांबून मग हात केला.
लोक काय ते बघत होतेच. बघू देत.

६ ऑक्टो., सोम.
सकाळी हजेरी. मनालीचा बाक रिकामा. नाव वाचलं, थांबले, पुढे गेले. पहिला तास, दुसरा तास. मनात ठरवलं, संध्याकाळी पुन्हा जायचं. उद्या पुन्हा. त्याला कंटाळा येईपर्यंत जायचं, मला येणार नाही.

तिसऱ्या तासाला दारात उभी. सलवारीचा घोळ गुडघ्यापर्यंत ओला, केसांत मीठ.
"कुठे होतीस?"
"होडीवर. बापसाबरोबर." मग हळूच, "नवी जागा बघतोय."
वर्ग कान टवकारून. मी म्हटलं, "आत ये, बस. पुढचं सांगू नकोस."
तिने माझ्याकडे बघितलं. अठरा-वीस दिवसांत पहिल्यांदा नीट.

निबंधाचा तास होता. मोबाईल पुढे केला, तिने मान हलवली. वही काढली, पेन काढलं आणि लिहायला लागली. हाताने. डावं कोपर वहीभोवती, डोकं खाली. मी बाकांमधून फिरले, तिच्या बाकाजवळून लांबूनच गेले. चार ओळी झाल्या. आठ झाल्या. पान उलटलं! खडू माझ्या हातात तसाच, फळ्यावर अर्धं वाक्य.

घंटा झाली. मी नेहमीसारखा वह्यांसाठी हात पुढे केला. सगळ्यांच्या आल्या. तिने वही दप्तरात घातली, वरून कपडा घातला आणि बंद ओढला.
"बाई, हे तपासायला नाय."
शिक्षिका म्हणून मला वही मागायला हवी होती. पानभर लिहून घेईन म्हणाले होते, लिहून घेतलं, आणि मला एक अक्षर दिसलं नाही. तरी आज मला वर्षभरात झाला नव्हता एवढा आनंद झालाय. माझ्या हातात हजेरीपट होता, तिच्या नावापुढचं सकाळचं 'गैरहजर' खोडून 'हजर' लिहिलं.

दारात विचारलं, "उद्या येशील ना?"
तिने बाहेर आकाशाकडे बघितलं. अगदी बापासारखं, हात जरासा वर.
"वारा बघून."

उद्या वारा कुठला आहे ते मला कळत नाही. सकाळी जाऊन काशीनाथलाच विचारते.